पिवळा चढलाय

फोरमननी आधी दोष दिला तो खिडकीच्या पडद्याला. सकाळी दाढी करायची म्हणून ते भिंत धरून धरून हॉस्पिटलच्या न्हाणीघरात गेले, आरशात पाहिलं, तर डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता. पडदा मळकट पिवळा होता, त्याचाच उजेड पडत असणार. त्यांनी दार लावून घेतलं, वरचा दिवा लावला, तरी तेच. मग कागदी रुमालाचा तुकडा फाडून त्यांनी डोळ्याखाली गालावर धरला. रंग जोखायचा तर शेजारी कोरा कागद हवा, हे छापखान्यात हयात घालवलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

"पिवळा चढलाय," ते आरशाला म्हणाले.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी घरीदारी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. छापखान्यात औषधांची खोकी आणि पुड्या छापल्या जात, आणि मशीन बिघडलं की फोरमन सगळ्यांना ओळीत उभं करत. "कुणी काय केलं, बोला. बोललात तर नाक कापलं जाईल, लपवलंत तर मशीन जाईल. नाकं पुष्कळ आहेत, मशीन एकच आहे." भलेभले मशीनमन ह्या वाक्याला टरकून असत. ते वाक्य स्वतःला ऐकवायची वेळ फोरमनवर कधी आली नव्हती, कारण फोरमन कधी चुकत नसत. निदान छापखान्यात तरी.

आता ते चुकले होते, पण हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. त्या सकाळी त्यांना एवढंच ठाऊक होतं, की पित्ताशय खड्यांसकट काढून आठवडासुद्धा झाला नाही आणि आपण पिवळे पडलोय.

त्यांच्या चुकीचं मूळ घरात होतं. फोरमनना तीन मुलं. थोरली शाळेत शिकवायची, मधल्या मुलाचं टायरचं दुकान होतं, धाकटी बँकेत होती. आणि तिघांचीही पक्की खात्री, की बाबांचा खरा जीव आपल्यावर आहे, बाकीचे दोघं नावाला. ही खात्री त्यांना कुणी दिली? खुद्द फोरमननी. थोरली एकटी सापडली की ते आवाज उतरवून म्हणत, "तुला म्हणून सांगतो. त्या दोघांना बोलू नकोस. तुझ्याइतकी माझी काळजी कुणाला आहे?" मुलगा सापडला की त्याला तेच, धाकटीला तेच. खोटं म्हणावं तर ते बोलताना फोरमनना अगदी खरं वाटायचं. समोर असेल ते मूल त्यांचं सगळ्यांत लाडकं असायचं. बायको होती तोवर ती हसायची. म्हणायची, "एकच माल तीन गिऱ्हाइकांना विकताय. तिघं एकदम दुकानात आली म्हणजे पळता भुई थोडी होईल." बायको गेली आणि हसणारंही कुणी राहिलं नाही. मग तर दुकान जोरात चालायला लागलं.

ऑपरेशन अवघड गेलं होतं. पित्ताशय सुजून आजूबाजूला चिकटलं होतं, म्हणून पोटावर मोठा छेद द्यावा लागला, रक्ताची एक पिशवी चढवावी लागली. डॉक्टरबाई रोज सकाळी येऊन विचारायच्या, "दुखतंय का?" आणि फोरमन रोज सांगायचे, "छे, काही नाही." दुखत तर असं होतं, की खोकला आला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण आपल्या मुलीच्या वयाच्या बाईपुढे कण्हायचं कसं? आयुष्यात ते कधी परक्यापुढे कण्हले नव्हते. मुलांची गोष्ट वेगळी. मुलांसमोर कण्हण्यात एक सुख होतं.

थोरली आली तेव्हा ते कण्हले, आणि तिने पर्समधून पांढऱ्या गोळ्यांची पट्टी काढली. "मी डोकं दुखलं की हीच घेते बाबा. नर्सला कशाला सांगायचं?" मुलाने निळ्या-लाल कॅप्सूल आणल्या, सर्दी-अंगदुखीच्या, दुकानात त्याच्या गल्ल्याजवळ नेहमी पडलेल्या असत त्या. धाकटीने संत्र्याच्या स्वादाची पावडर आणली. ती पाण्यात टाकली की फसफसायची आणि पिऊन झाल्यावर ढेकर यायचा. थोरलीची पट्टी चष्म्याच्या डबीत गेली, मुलाच्या कॅप्सूल उशीच्या अभ्र्यात, धाकटीच्या पुड्या खणातल्या वर्तमानपत्राखाली. तिन्ही घेतल्या तरी फोरमनच्या मनाला काही लागलं नाही. एक पांढरी, एक निळी-लाल, एक केशरी. रंग वेगळे म्हणजे माल वेगळा, इतकं सरळ गणित. शिवाय एकाची घेतली आणि दुसऱ्याची परत केली असं कसं करणार? मन दुखावलं असतं.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा तिन्ही मुलं खोलीत होती. पिवळेपणाची बातमी नर्सने फोनवर दिली होती आणि तिघंही कामं टाकून धावत आली होती. डॉक्टरबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पोट हलक्या हाताने दाबलं, पहाटे काढलेल्या रक्ताचे आकडे वाचले. मग स्टूल ओढून बसल्या.

"कावीळ म्हणजे खूण आहे, आजार दुसराच कुठला तरी असतो," त्या म्हणाल्या. "जुनं रक्त मोडतं, त्यातून पिवळं द्रव्य निघतं. यकृत ते पित्तात घालून नळीतून आतड्यात सोडून देतं. म्हणजे एक तर ते द्रव्यच फार तयार होतंय, नाहीतर यकृताला काम झेपत नाहीये, नाहीतर नळी कुठेतरी अडली आहे."

फोरमनना हे चटकन कळलं. शाई जास्त सुटली, की रोलर बिघडला, की निचरा तुंबला. बाई कामाची आहे, असं त्यांना वाटलं.

"रक्त चढवलं ना तुम्ही? तेच बाधलं असणार," थोरली म्हणाली.

"ते रक्त मोडत असतं तर अंगातलं रक्त कमी झालं असतं. ते झालेलं नाही."

"मग नळी कापली गेली तुमच्या हातून," मुलगा म्हणाला. टायरवाल्याचा आवाज मुळात मोठा, त्यात तो उभा राहिला. "सरळ बोला ना. पित्ताशय काढताना ती नळी शेजारीच असते, मी वाचलंय सगळं."

डॉक्टरबाईंचा चेहरा लाल झाला. "शेजारीच असते, खरं आहे. माझ्या हातून तिला इजा झाली असेल का, हा विचार मी सकाळपासून करतेय. सोनोग्राफीत नळी फुगलेली दिसली नाही, पण इतक्या लवकर ती कधीकधी दिसतही नाही. फक्त यकृताचे आकडे फार वर गेलेत, हजारांत. नळी अडली तर एवढे सहसा जात नाहीत. यकृतालाच काहीतरी लागलंय." त्या फोरमनकडे वळल्या. "ऑपरेशनमध्ये तुमचा रक्तदाब उतरला नव्हता. ताप नाही. भुलीच्या औषधाने असं क्वचित होतं. विषाणूची तपासणी पाठवली आहे. एक विचारायचं राहिलं. आमच्या औषधांखेरीज पोटात अजून काही गेलंय का? दुकानातली गोळी, काढा, पावडर, काहीही?"

"नाही," फोरमन म्हणाले.

"नीट आठवा. आमचं पॅरासिटामॉल मी सकाळी बंद केलंय. पण आम्ही देत होतो तेवढ्याने हे होत नाही."

"काहीच नाही."

डॉक्टरबाईंनी मुलांकडे पाहिलं. थोरलीने पर्सची चेन लावली. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. धाकटी म्हणाली, "आम्ही कशाला देऊ?" तिघंही खोटं बोलली, आणि प्रत्येकाला वाटत होतं की खोटं बोलणारे आपण एकटेच. साधी गोळी ती, तिचं नाव घेऊन उगाच बाबांना कशाला तोंडघशी पाडायचं!

"मग दुपारी तोंडातून दुर्बीण घालून नळी बघावी लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यासाठी पुन्हा गुंगीचं औषध द्यावं लागणार, आणि ह्या अवस्थेत यकृत ते कितपत सोसेल ह्याची खात्री मी देऊ शकत नाही. औषधाने झालं असतं तर उतारा आहे. तो जितका लवकर द्यावा तितका चांगला. पण औषध गेलंच नाही म्हणता..."

त्या उठल्या. मुलं त्यांच्या मागोमाग बाहेर गेली. जाब विचारायचा होता ना.

खोलीत फोरमन एकटे उरले आणि एक शब्द त्यांच्या डोक्यात घोळायला लागला. पॅरासिटामॉल. हा शब्द त्यांनी ऐकण्याआधी पाहिला होता, तोही उलटा, छपाईच्या प्लेटवर. बारीक अक्षरांत, खोक्याच्या बाजूला, नावाच्या खाली. ती अक्षरं फार बारीक असत म्हणून फुटतात का, शाई भरून बुजतात का, हे ते भिंगातून तपासत. अक्षरं साफ उमटली की पुढचा ताव. त्यात लिहिलंय काय हे वाचायचं काम त्यांचं नव्हतं.

त्यांनी चष्म्याची डबी उघडली. चष्मा लावला. पट्टीच्या मागच्या बाजूला, पांढऱ्यावर करड्या अक्षरांत: पॅरासिटामॉल. अभ्र्यात हात घातला. कॅप्सूलच्या वेष्टनावर तीन-चार औषधांची नावं होती आणि त्यांत पहिलंच तेच. खण ओढायला वाकावं लागलं, टाके ताणले गेले, आणि पुडी हाताला लागली. पुडीवर त्यांच्याच छापखान्याची खूण निघाली. केशरी रंग किंचित उजवीकडे सरकलेला होता, आणि काय म्हणावं ह्या माणसाला, फोरमनच्या लक्षात आधी ते आलं. मग त्यांनी बारीक अक्षरं वाचली.

तिन्ही पाकिटं चादरीवर पडली होती. ऑपरेशननंतर चार घास धड पोटात गेले नव्हते, आणि त्या उपाशी पोटात हे सगळं गेलं होतं, वर नर्स बाटलीतून द्यायची ते वेगळं. मरणाची भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याच्याआधी वाटली ती लाज, आणि ती गोळ्यांची नव्हती. तिघं एकदम दुकानात येणार होती.

बाहेरून मुलाचा आवाज येत होता. "आम्ही हे असं सोडणार नाही. वर तक्रार करू. तुमचं नाव घालवू." मग डॉक्टरबाईंचा आवाज आला, दमलेला. "माझी चूक निघाली तर मी ती लिहून देईन. मला आधी त्यांना बरं करू दे."

फोरमननी बेल दाबली. नर्स आली तिला म्हणाले, "डॉक्टरबाईंना बोलवा. एकट्यांना."

त्या आल्या. फोरमननी तीन पाकिटं दाखवली. डॉक्टरबाईंनी ती एकेक करून उचलली, वाचली, आणि परत चादरीवर ओळीने ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही उतारा सुरू करा," फोरमन घाईघाईने म्हणाले. "दुर्बीण नको. पण एक विनंती आहे. मुलांना सांगू नका. मीच कुठून तरी आणून घेतल्या असं समजा."

"किती घेतल्यात?"

दुखण्यात, झोपेत, ग्लानीत कुणी काय दिलं त्याचा हिशेब कुणी ठेवला होता? पट्टी संपली की थोरली नवी ठेवायची. पुड्यांचे रिकामे कागद धाकटी घेऊन जायची. "आठवत नाही," ते म्हणाले.

"उतारा मी लगेच लावते, त्याला कशाची वाट बघायची नाही. पण दुर्बीण रद्द करायची तर हे एवढं यकृत ह्याच गोळ्यांनी बिघडलं ह्याची मला खात्री हवी. किती आणि केव्हापासून, हे देणाऱ्यांनाच माहीत असणार. कुणी दिल्या?"

फोरमननी चष्मा काढला. डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. बाहेर मुलगा अजून तावातावाने बोलतच होता, आणि ते सगळं ह्या बाईला उद्देशून होतं. नाकं पुष्कळ आहेत, मशीन एकच आहे. पस्तीस वर्षं पोरासोरांना हे ऐकवलं. पोरं बिचारी घाम पुसत पुढे यायची आणि सांगायची, साहेब, माझ्या हातून झालं. त्यांना काय वाटत असेल, हे फोरमनना त्या घडीपर्यंत कळलं नव्हतं.

"तिघांनाही आत बोलवा," ते म्हणाले.

तिघं आत आली. चादरीवरची पाकिटं पाहिली. प्रत्येकाने आधी आपलं ओळखलं आणि चेहरा पाडला, मग बाकीची दोन पाहिली आणि चेहरा वर केला.

"ह्या कुणी दिल्या?" थोरलीने कॅप्सूलकडे बोट दाखवलं.

"मी," मुलगा म्हणाला. "आणि ही पट्टी?"

"माझी. पण मी एकटीच..." ती फोरमनकडे वळली. "बाबा, मला म्हणालात ना, त्या दोघांना बोलू नकोस."

"मलाही," मुलगा म्हणाला.

धाकटी पुडीकडे बघत हळूच म्हणाली, "तुझ्याइतकी माझी काळजी कुणाला आहे." हे तिने विचारलं नाही, नुसतं म्हणून दाखवलं, फोरमनच्या लयीत, शेवटच्या शब्दावर आवाज उतरवून. तिघांनाही ते वाक्य तोंडपाठ होतं. थोरलीने डोळे मिटले. मुलाला हसू फुटलं आणि ते लगेच विझलं.

फोरमनना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यावं असं वाटलं. डॉक्टरबाई तेवढ्या शांत होत्या. दिवसाला किती, कुठल्या वेळी, केव्हापासून, असं त्या एकेकाला विचारत गेल्या आणि मुलं शाळेतल्यासारखी उत्तरं देत गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "सगळं धरलं तर मोठ्या माणसाने दिवसात घ्यायच्या मर्यादेच्या दुपटीच्या पुढे जातं. रोज. आकड्यांशी ते जुळतंय. दुर्बीण रद्द."

"पण साधी गोळी ती," मुलगा म्हणाला. "मी रोज घेतो."

"एकानेच दिली असती तर आमचं धरूनही कदाचित निभावलं असतं."

ते कुणाला उद्देशून नव्हतं, पण तिघांनीही माना खाली घातल्या. मुलाने डॉक्टरबाईंकडे पाहिलं आणि नुसते हात जोडले. एवढा मोठा आवाज असलेला माणूस. तेव्हा फोरमनच बोलले.

"डॉक्टरबाई, त्याने तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं. ते माझ्यामुळे. सकाळी मी खोटं बोललो. तुम्ही स्वतःची चूक शोधत बसलात आणि माझी माझ्या उशीत होती."

"मी अजूनही शोधतेच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज दुखत नाही म्हणायचात आणि मी ते खरं धरलं. एवढा छेद, आणि दुखत नाही? मला कळायला हवं होतं." आणि त्या उताऱ्याची सोय करायला निघून गेल्या.

उतारा सलाईनमधून थेंबथेंब सुरू झाला. बरं वाटेलच असं कुणी सांगितलं नाही. यकृत कधी सावरतं, कधी सावरत नाही, एवढंच सांगितलं. मुलं खोलीतच राहिली, पण कुणी फोरमनशी बोलेना. थोरलीने उशी सरळ केली तीही त्यांच्याकडे न बघता. धाकटीने तिन्ही पाकिटं उचलून कचऱ्यात टाकली. मुलगा दाराशी उभा होता. फोरमननी सवयीने त्याला नजरेने जवळ बोलावलं, तर तो म्हणाला, "जे काय असेल ते मोठ्याने बोला बाबा." बोलायचं होतं ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. आयुष्यभर ह्या तिघांना त्यांनी एकमेकांपासून तोडून ठेवलं होतं, आणि आज ती एका बाजूला उभी होती आणि ते दुसऱ्या बाजूला.

आकडे आधी वरच राहिले, मग एका सकाळी उतरले. फार नाही, पण उतरले. डॉक्टरबाईंनी पापणी ओढून पाहिली. पिवळा अजून होताच, जरा फिका. मुलं भिंतीला टेकून उभी होती. तिघंही रोज एकदमच येत होती, कुणी एकटं म्हणून येत नव्हतं.

"दुखतंय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

पोटात कळ होती. फोरमनची नजर आपोआप भिंतीकडे गेली, ह्या तिघांतल्या कुणाला नंतर हळूच सांगायचं ते शोधत, आणि तिन्ही मुलं त्यांच्याकडेच बघत होती. ती नजर कशासाठी फिरतेय, ते तिघांनाही कळलं होतं. फोरमनचे पिवळे कान लाल झाले.

"दुखतंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फार दुखतंय."

कुणाचाही हात पर्सकडे गेला नाही, खिशाकडे गेला नाही.